नमस्कारापुरता रकाना

बागबाजार, कोलकाता
14 जुलै 2025

चि. विहंग यास शकुनआत्याचे अनेक आशीर्वाद.

तू आणि आभा पुण्यात खुशाल असाल अशी आशा आहे. मी बरी आहे. हवा इतकी दमट आहे की पापड तळण्याआधीच मऊ पडतात. व्हॉट्सअॅपवर काही लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून हे ई-मेल. पत्र समजून वाच.

काल इथल्या मराठी मंडळाची वार्षिक सभा झाली. तू आपल्या मंडळाला फुकटात पोर्टल करून दिलंस त्याबद्दल अध्यक्ष प्रकाशरावांनी तुझं तोंडभरून कौतुक केलं. मग त्यांनी पोर्टलवर आलेल्या सूचना वाचून दाखवल्या. एकूण एक सभासदाने नमस्कार कळवला होता, समितीला शुभेच्छा दिल्या होत्या, आणि बस. एकाचीही तक्रार नाही. प्रकाशराव भारावून गेले. म्हणाले, इतकं समाधानी मंडळ भारतात दुसरं नसेल. आणि त्या समाधानाच्या भरात यंदाच्या गणपतीचं जेवणही गेल्या वर्षीच्याच आचाऱ्याला देऊन टाकलं. विहंग, तो माणूस आमटीत साखर घालतो. आपण गुळाचा खडा टाकतो तशी नव्हे, वाटीने. गेल्या वर्षी सरोज पानावरून उठली होती, आणि आता तिच्याही नावापुढे फक्त नमस्कार. मला यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटतं. तुझं ते डेटाबेस का काय आहे ते एकदा बघ.

रविवारचा मराठी वर्ग छान चाललाय. मुलं अजून ‘पाणी खाल्लं’ म्हणतात. बंगालीत पाणी खातात, त्याला ती तरी काय करणार. तूही सातवीपर्यंत खातच होतास.

हो, एक राहिलं. आपले दिगंबरराव वाकणकर, गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात होते ते, आता निवृत्त. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. वर्गात त्यांचं नातवंड वगैरे कुणी नाही, तरी दर रविवारी एवढ्या लांबून येतात, मागच्या बाकावर बसतात आणि खडू संपले की उठून आणून देतात. त्यांनी मला पोर्टलवरून खाजगी संदेश पाठवलाय. तो असा: “बाई, सादर नमस्कार. रविवारचा वर्ग आपण ज्या जिव्हाळ्याने चालविता, ते पाहून मला गेले कित्येक महिने अ”. एवढंच. त्यापुढे काही नाही. अ वर माणूस का थांबला असेल? खोटं कशाला बोलू, मी तो संदेश बऱ्याचदा वाचलाय. तुझा बाबा गेल्यापासून असलं काही विचारायला मला तूच आहेस. काय करू, कळव.

तुझी
शकुनआत्या


पुणे
18 जुलै 2025

आत्या, नमस्कार.

पत्र मिळालं. पोर्टलमध्ये काही गडबड नाही. देण्याआधी मी स्वतः प्रत्येक खिडकीत टाइप करून तपासलं होतं. लोक तोंडाने तक्रार करतात, लिहायची वेळ आली की सभ्य होतात, एवढाच त्याचा अर्थ. आमटीचं प्रकाशकाकांना सरळ सांगून टाक.

पापड डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव. आभा नमस्कार सांगते, तिला सर्दी झालीय. ऑफिसात फार गडबड आहे, म्हणून थोडक्यात.

विहंग


बागबाजार
24 जुलै 2025

चि. विहंग यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पापड फ्रीजमध्ये ठेवले, आता ते गारही आहेत आणि मऊही. आभाची सर्दी कशी आहे? तिला आल्याचा रस मधातून दे, पण मध चांगला घे, दुकानातला पाक नको.

तू गडबड नाही म्हणालास, पण मी इतकी वर्षं शाळेत काढली आहेत, चुकीचं उत्तर मला वासावरून कळतं. मी एकेकाला फोन केले. सरोज म्हणते तिने आमटीवर चांगलं पानभर लिहिलं होतं, शेवटी ‘हा आचारी राहिला तर मी राहणार नाही’ असंसुद्धा. पूजाने स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल लिहिलं होतं. पण सरोजच्या तक्रारीची सुरुवात विचारलीस तर ‘माननीय अध्यक्ष महोदय आणि समितीचे सर्व सन्माननीय सदस्य यांना सविनय नमस्कार’. आपली माणसं तशीच आहेत. घराला आग लागली तरी बंबवाल्यांना आधी सा.न.वि.वि. लिहितील. हे सगळं गेलं कुठे, ते शोध.

मराठ्यांना अडवायला इंग्रजांनी कधीकाळी या बागबाजारापाशी खंदक खणला होता, आणि आपले आजोबा शोधून शोधून त्याच ठिकाणी भाड्याने राहायला आले. तेव्हा आपलं घराणं अडून राहणारं नाही. मला उत्तर हवंय.

आणि त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. अवघड वाटलं असेल. मी दिगंबररावांना पोर्टलवरूनच उत्तर दिलं. संदेश मिळाल्याबद्दल आभार मानले, तब्येत विचारली, आणि शेवटी लिहिलं की आपलं वाक्य अर्धं राहिलंय, मला पूर्ण ऐकायला आवडेल. एवढं लिहायला मला एक अख्खी दुपार लागली. त्यानंतर ते वर्गाला आलेच नाहीत. मी अ पासूनचे सगळे शब्द लावून पाहिले. अस्वस्थ, अभिमान, अपचन. आता सरोज सांगते, ते गणपती झाले की घर सोडून नागपूरला मुलीकडे, अनुजाकडे, कायमचे चाललेत. विहंग, त्यांनी विचारलं असतं तर मी हो म्हणणार होते. या वयात हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. तुला कसं वाटतं, ते मात्र मला कळायला हवं.

तुझी
शकुनआत्या


गार्डन रीच, कोलकाता
29 जुलै 2025

प्रति,
श्री. विहंग यांसी,

विषय: मंडळाच्या पोर्टलवरील एक खाजगी संदेश काढून टाकणेबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण माझ्या डोळ्यांसमोर लहानाचे मोठे झालात, तथापि विषय तांत्रिक असल्याने हे पत्र औपचारिक स्वरूपात लिहीत आहे, राग नसावा.

मी चालू महिन्यात आपल्या प्रणालीतून एका सभासदांना एक विस्तृत संदेश पाठविला होता. त्याची प्रत माझ्याकडे नाही, कारण अशा मजकुराची प्रत ठेवावी असे मला वाटले नाही. सदर संदेशास संबंधितांकडून अत्यंत सौजन्यपूर्ण उत्तर प्राप्त झाले. त्यात आभार होते आणि तब्येतीची चौकशी होती. मूळ विषयावर काही नव्हते. चाळीस वर्षे रेल्वेत काढलेल्या माणसास अशा उत्तराचा अर्थ समजतो. अर्ज नामंजूर झाला की आम्हीही असेच कळवीत असू.

तरी विषय बंद झाला असल्याने माझा संदेश प्रणालीतून काढून टाकावा ही विनंती. उद्या कुणाच्या हाती पडल्यास संबंधितांना संकोच होईल, आणि त्यांना संकोच व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. त्या फार चांगल्या बाई आहेत.

कळावे,
दिगंबर वाकणकर


पुणे
1 ऑगस्ट 2025

आत्या,

तू जिंकलीस. गडबड सापडली आणि ती माझीच आहे.

डेटाबेसमध्ये प्रत्येक गोष्टीला एक रकाना असतो आणि त्यात किती मावेल ते आधी ठरवावं लागतं. मी सूचना आणि संदेशांचे रकाने दोनशे पंचावन्न मापाचे ठेवले होते. तपासताना मी इंग्रजीत दोन-दोन ओळी टाइप केल्या, त्या आरामात बसल्या. पण इंग्रजी अक्षर एक माप जागा घेतं आणि आपलं तीन, काना-मात्रा-वेलांटीचे आणखी वेगळे तीन-तीन. म्हणजे मराठी तिसऱ्या हिश्शातच संपते, आणि उरलेलं पोर्टल मुकाट्याने कापून टाकतं. तेवढ्या जागेत तुम्हा लोकांचा नमस्कारच जेमतेम बसतो. कापलेला मजकूर कुठेही साठलेला नाही, तो परत येणार नाही.

आता मी रकाने एकदम मोठे केलेत. कितीही मजकूर, फोटो, आवाज, काय हवं ते सरळ त्या रकान्यातच ठेवता येईल. सगळ्यांना पुन्हा लिहायला सांग.

बाकी ठीक. दिगंबरकाकांनी त्यांचा कुठलासा संदेश काढून टाकायला सांगितला होता, तेही काम केलं. त्यांचा कागद म्हणजे अगदी सरकारी टिपण होतं, आभा हसत होती.

विहंग


बागबाजार
7 ऑगस्ट 2025

चि. विहंग यास आशीर्वाद.

तुझ्या मोठ्या रकान्यांची बातमी मी मंडळात दिली आणि चूक केली. लोकांनी आधी तक्रारी लिहिल्या. सरोजने आमटीवर नवीन निबंध लिहिला, त्यात आता इतिहासही आहे. प्रकाशरावांनी तो वाचला आणि दोन दिवस मंडळात फिरकले नाहीत, आचारी मात्र बदलला. इथपर्यंत उत्तम.

मग कुणाला तरी कळलं की फोटोही जातात. सरोजने गुडघ्याचा एक्स-रे चढवला, म्हणजे खुर्चीवर का बसते ते पुन्हा पुन्हा सांगायला नको. पूजाने लग्नाचा अख्खा अल्बम टाकला. प्रकाशराव मागे राहतात होय, त्यांनी कोजागिरीचा पूर्ण व्हिडिओ स्वतःच्या नावापुढे ठेवला, त्यात ते गातात. आता कुणाचा साधा फोन नंबर बघायला गेलं तरी नुसतं चक्र फिरत राहतं. काल प्रकाशराव सगळ्यांना विचारत होते की पोर्टल बंद पडलं तरी गाणं तेवढं सुरक्षित आहे ना. तुला सवड झाली की बघ.

रकान्याने कापलं असो वा त्यांनीच थांबवलं असो, दिगंबररावांनी तो संदेश काढून टाकायला सांगितला हे तुझ्या पत्रातून कळलं. म्हणजे त्यांचा विचार बदलला. बरं झालं, निदान कळलं तरी. वर्गात मागचा बाक रिकामा दिसतो आणि खडू मीच आणते. मला वाईट वाटतंय, फार वाटतंय, पण तू काही करायला नको आहेस. यापुढे मी हा विषय काढणार नाही.

शकुनआत्या


पुणे
10 ऑगस्ट 2025

प्रिय आत्या,

काल आभाने तुझी तिन्ही पत्रं वाचली. ती मासिकंसुद्धा शेवटच्या पानापासून वाचते, तशी तुझी पत्रंही खालून वर वाचली. मग माझ्यासमोर फोन धरून तिने विचारलं, “तू हे वाचलंस का?”

मी वाचलं नव्हतं. फोनवर पत्राच्या वरच्या ओळी दिसतात. पापड दिसले, आलं दिसलं, पोर्टल दिसलं, की मी उत्तर लिहायला घेत होतो. तुझं खरं म्हणणं दर वेळी तळाशी होतं आणि मी तिथवर गेलोच नाही. पोर्टलपेक्षा मी काही वेगळा निघालो नाही. आत्या, मला माफ कर.

आता नीट ऐक. त्यांचा संदेश ‘अ’ वर थांबला तो त्यांनी थांबवला म्हणून नव्हे, माझ्या रकान्याने कापला म्हणून. त्यांनी मला लिहिलेल्या कागदात संदेश ‘विस्तृत’ होता असं आहे. आणि तुझं उत्तरही तसंच कापलं गेलं. मी काढून पाहिलं. त्यांच्यापर्यंत एवढंच पोचलं: “सादर नमस्कार. आपला संदेश मिळाला. आठवणीने लिहिलंत याबद्दल मनापासून आभारी आहे. आपली तब्येत कशी आहे?” ‘पूर्ण ऐकायला आवडेल’ हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यांना वाटलं तू सभ्यपणे नाही म्हणालीस. तुला संकोच होऊ नये म्हणून त्यांनी संदेश काढायला सांगितला, आणि कागदाच्या शेवटी लिहिलं, ‘त्या फार चांगल्या बाई आहेत.’ हे त्यांचं वाक्य तुला सांगायला मी त्यांची परवानगी घेतलेली नाही.

त्यांचा मजकूर मी परत आणू शकत नाही. पोर्टल मी आजपासून बंद ठेवलंय. फोटो आणि व्हिडिओ रकान्यांतून उपसून वेगळीकडे ठेवतो आणि रकान्यात फक्त त्यांचा पत्ता लिहितो, म्हणजे नाव बघताना एक्स-रे ओढत येणार नाही. त्याला आठवडा जाईल. तेवढं थांबू नकोस आणि लिहूही नकोस. तू स्वतः त्यांच्याकडे जा.

तू विचारलं होतंस मला कसं वाटतं. मला फार आनंद होईल. बाबालाही झाला असता.

तुझा
विहंग


बागबाजार
14 ऑगस्ट 2025

आम्ही लग्न करतोय.

हे वर लिहिलं, म्हणजे तुझ्या फोनवर दिसेल. आता बाकीचं सावकाश वाच.

परवा सकाळी निघाले. शोभाबाजारहून मेट्रोने एस्प्लनेड, तिथून बस, मग ऑटो. ऑटोत माझ्या मांडीवर शेजारणीची इलिश माशांची पिशवी होती, त्यामुळे एका विवाहेच्छू स्त्रीला ज्या सुगंधात पोचायला हवं त्यात मी काही पोचले नाही. दार दिगंबररावांनीच उघडलं. घरात सगळीकडे खोकी, प्रत्येकावर आत काय आहे त्याची चिठ्ठी. मला बघून ते इतके गोंधळले की ‘या’ म्हणायच्या ऐवजी ‘आपली तब्येत कशी आहे’ म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडून तुम्हाला तेवढंच पोचलं होतं हे मला कळलंय, म्हणून उरलेलं सांगायला आले.

तू समजावलं होतंस ते रकान्याचं सगळं मी त्यांना समजावलं. रेल्वेच्या माणसाला पटकन कळलं. डबे पंधरा आणि फलाट दहाचा, म्हणाले. मग त्यांनी चहा केला. मी विचारलं, अ च्या पुढे काय होतं? तर त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, “रविवारचा वर्ग आपण ज्या जिव्हाळ्याने चालविता...”

मी म्हटलं, “प्रस्तावना पोचली आहे. शेवटची ओळ सांगा.”

त्यांनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मला नागपूरला जायचं नाहीये,” म्हणाले.

“मग जाऊ नका,” मी म्हटलं.

झालं एवढंच. मूळ संदेश म्हणे चार पानांचा होता आणि त्यात अकरा मुद्दे होते. मी म्हटलं, मुद्दे हळूहळू ऐकेन, आता वेळ आहे. मग आम्ही दोघांनी मिळून स्वयंपाकघराचं खोकं शोधलं आणि उघडलं. त्यांनी आमटी केली. साखर नव्हती, गुळाचा खडा होता, मीठ जरा जास्त पडलं होतं. मी दोनदा घेतली. मला इतका आनंद झालाय की काल वर्गाच्या वह्या तपासताना मी ‘पाणी खाल्लं’ सुद्धा बरोबर दिलं.

अनुजाला त्यांनी माझ्यासमोरच फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली की बाबांची बीपीची गोळी सकाळची आहे, रात्रीची नाही, हे लक्षात ठेवा. पोरगी चांगली आहे.

प्रकाशरावांचं गाणं पत्त्यासकट जप. इथे रस्त्यांची नावं बदलतात आणि माणसं जुन्याच नावांनी हिंडत राहतात, तेव्हा तुझा पत्ता एक आणि गाणं भलतीकडे असं होऊ देऊ नकोस. दिगंबरराव म्हणतात, हरवलं तरी फार बिघडणार नाही.

आता रीतीप्रमाणे. चि. विहंग आणि चि. सौ. आभा यांना अनेक आशीर्वाद. तुम्ही खुशाल असाल अशी आशा आहे. हवा अजून दमटच आहे. पापड शेवटी आम्ही भाजून खाल्ले. आभाची सर्दी गेली असेल, तरी मध चालू ठेवा.

रविवारी, एकतीस तारखेला, वर्ग सुटल्यावर मंडळात गणपतीसमोर हार घालायचे ठरलेत. माझ्या बाजूने उभं राहायला तू हवास. हे मुद्दामच खाली लिहिलंय.

तुझी
शकुनआत्या


पुणे
15 ऑगस्ट 2025

तिकिटं काढली, आत्या. दोघांची. तीस तारखेला पोचतो.

मध चालू आहे.

विहंग